तरस्वी: पुल्लिंगी, एकवचनी

दाखला हातात घेऊन वेलांटी जन्मनोंदणी कार्यालयाच्या पायऱ्या उतरला, तेव्हा त्याला स्वतःचं इतकं कौतुक वाटत होतं की समोरून येणाऱ्या अनोळखी माणसालाही थांबवून तो कागद दाखवावा. मुलाचं नाव अचूक छापलं गेलं होतं. त, मग र, मग अर्ध्या ‘स’ला नीट बिलगलेला व आणि त्यावर दुसरी वेलांटी. तरस्वी! खिडकीवरच्या बाईंनी आधी ‘तपस्वी’ लिहिलं होतं, मग ‘तेजस्वी’, मग ‘तरसवी’. तिन्ही वेळा त्याने नम्रपणे पण ठाम राहून दुरुस्ती करून घेतली होती आणि चौथ्या खेपेला ‘वाचून पाहिले, बरोबर आहे’ या ओळीखाली झोकात सही ठोकली होती.

बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. त्याने कागद पुन्हा काढला, नाव पुन्हा वाचलं. नावाच्या खालची ओळ मात्र त्याने आयुष्यात पहिल्यांदा वाचली.

लिंग: स्त्री.

त्याने चष्मा पुसला, ओळ परत वाचली. जोडाक्षर अगदी बिनचूक होतं.

इथे सांगायला हवं की हा माणूस मुद्रितशोधक होता. छापखान्यात बसून चौदा वर्षं तो दुसऱ्यांच्या चुका काढत आला होता. एकदा एका वेलांटीपायी त्याने चालू मशीन बंद करायला लावलं, तेव्हापासून आधी छापखान्यात, मग गल्लीत आणि शेवटी घरातही त्याचं नाव वेलांटी पडलं होतं. बड्या लेखकांच्या हस्तलिखितावर लाल रेघा मारताना त्याचा हात कधी कापला नव्हता. आणि आता स्वतःच्या पोटच्या मुलाचा पाच ओळींचा कागद त्याने ‘बरोबर आहे’ म्हणून सही करून घरी चालवला होता.

एरवी हे हसण्यावारी गेलं असतं. पण बायको नर्स होती आणि समुद्रापलीकडच्या एका रुग्णालयात तिची नेमणूक झाली होती. परीक्षा तिने दिली, मुलाखती तिने दिल्या, सातव्या महिन्यात पोट सांभाळत चार मजले चढून वैद्यकीय तपासणीही तिनेच करून घेतली. आता सात आठवड्यांचं बाळ बरोबर न्यायचं तर त्याचा पासपोर्ट हवा. पासपोर्ट कार्यालयातली वेळ मिळाली होती पुढच्या शुक्रवारी दुपारी तीनची. ती हुकली की पुढची वेळ दीड महिन्याने, आणि तोवर रुग्णालय थांबणार नव्हतं. मग एक तर तान्ह्या बाळाला सोडून तिने एकटीने जायचं, नाहीतर नेमणुकीवर पाणी सोडायचं. या सगळ्या उस्तवारीत नवऱ्याकडे तिने एकच काम दिलं होतं: जन्माचा दाखला.

“झालं?” दार उघडताच तिने विचारलं.

“झालं,” वेलांटी म्हणाला आणि दाखला कपाटात, स्वतःच्या हिवाळी कोटाच्या आतल्या खिशात ठेवून आला. कारण आज बुधवार होता, पुढचा शुक्रवार नऊ दिवसांवर होता आणि एवढीशी दुरुस्ती उद्या सकाळी दहा मिनिटांत होणार होती. निदान त्याचा तसा समज होता.

*

दुसऱ्या दिवशी तो खिडकीवरून थेट अधिकाऱ्यांच्या खोलीत पाठवला गेला. अधिकारी फार सौजन्याने बोलत. त्यांच्याशी बोलताना आशा सुटतच नसे, हाच त्यांच्यातला सगळ्यात मोठा दोष होता.

“आपण वाचून सही केलीत ना?” त्यांनी विचारलं.

“केली. पण मी नावाकडे बघत होतो.”

“मग ही आमची चूक धरता येत नाही. आपण दिलेली माहिती बदलली, असं धरावं लागेल.”

“माहिती बदललेली नाही हो! तो मुलगा आहे. जन्मल्यापासून मुलगाच आहे.”

“असेलही,” अधिकारी समजुतीने म्हणाले. “पण यंत्रातल्या यादीत अशी नावं मुलींची म्हणून आहेत. तेजस्वी, ओजस्वी, यशस्वी.”

“साहेब, ही सगळी मुळात पुल्लिंगी रूपं आहेत. स्त्रीलिंगी तेजस्विनी, ओजस्विनी, यशस्विनी!”

“माझ्या भाचीचं नाव यशस्वी आहे,” अधिकारी म्हणाले.

ज्या शब्दकोशाची आठशे पानं वेलांटीने डोळ्यात तेल घालून तपासली होती आणि ज्याच्या ‘त’ अक्षरात त्याला हे नाव सापडलं होतं, तो अख्खा कोश त्या एका भाचीपुढे हतबल झाला.

“सोपा मार्ग सांगू?” अधिकाऱ्यांनी खुर्ची पुढे ओढली. “नाव बदला. यादीतलं मुलाचं एखादं घ्या. पहिल्या तीन महिन्यांत नाव बदलता येतं, आणि नावाबरोबर लिंगही आपोआप सुधारतं. दहा मिनिटांत दाखला हातात.”

दाराबाहेर रांग होती. यादी टेबलावर होती. त्या क्षणी वेलांटीने मान डोलावली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि बरीच माणसं सुखी राहिली असती.

“नाव बदलणार नाही,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात असं काही होतं की रांगेतल्या दोघांनी आत डोकावून पाहिलं.

“मग नमुना सतरा,” अधिकारी हळहळत म्हणाले आणि त्यांनी खणातून एक पिवळा पडलेला कागद काढला. त्यावर तीन चौकटी होत्या. नावाची उत्पत्ती. नावाचा अर्थ. नावाचे प्रचलन. “पहिल्या दोन आपण भरा. तिसरीसाठी या नावाचा एक तरी पुरुष दाखवायचा. हयात असलेला. ओळखपत्रासह. रुग्णालयाचं पत्र तर लागेलच.”

*

रुग्णालयाचं पत्र शुक्रवारी मिळालं. पत्र देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी ‘पुरुष जातीचे अर्भक’ असं लिहिलं आणि वेलांटीकडे अशा नजरेने पाहिलं की त्यालाच क्षणभर आपण नेमकं काय करून बसलो आहोत ते आठवेना.

पहिली चौकट भरायला त्याने खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांना गाठलं. मास्तर आयुष्यभर व्याकरण शिकवत आले होते आणि निवृत्तीनंतर कुणी काही विचारायला येत नाही म्हणून खंगत चालले होते. ते उठून बसले.

“तरस् म्हणजे वेग, बळ. त्याला विन् प्रत्यय. तरस्विन्. प्रथमेचं एकवचन तरस्वी. वेगवान, बलवान, धीट! लिहा.”

वेलांटीने लिहिलं. चौकट दोन ओळींची होती, मास्तरांचं विवेचन अडीच पानांचं झालं. त्याचे तुकडे करून जोडपत्र लावायचं की नाही, यावर दोघांचा वाद झाला आणि त्याच वेळी वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यातून उतरल्या.

“काय नाव म्हणालात? तरस? तो जंगलात हसतो तो?”

“तरस नव्हे काकू. तरस्वी.”

“हो, पण हाक कोण पूर्ण मारतंय? मैदानात पोरं ओरडणार, ए तरसा!” काकूंनी पिशवी खाली ठेवली. “मी म्हणते, नाव कसं असावं, मागे कुत्रं लागलं तरी एका दमात हाक मारता यावी असं.”

“आणि दाखल्यावर मुलगी लिहिलंय म्हणता?” मास्तर मध्येच म्हणाले.

वेलांटीने मास्तरांना ही गोष्ट विश्वासाने सांगितली होती. काकूंचा चेहरा एकदम उजळला.

“कुणाला सांगू नका,” वेलांटी गयावया करत म्हणाला. “घरी अजून माहीत नाही.”

“छे छे, मी कशाला सांगतेय!” काकू म्हणाल्या, पिशवी उचलून परत वर गेल्या आणि वेलांटीचा जीव टांगणीला लागला. त्या दिवसापासून वरच्या मजल्यावर पाऊल वाजलं की त्याच्या हातातला घास हातातच राही. घरात बाळाच्या आजी, म्हणजे त्याच्या सासूबाई, मुलीला मदत करायला येऊन राहिल्या होत्या. त्या बाळाला नुसतं ‘सोन्या’ म्हणत. “जावईबापू, दाखला दाखवा तरी एकदा,” त्या रोज म्हणत, आणि तो रोज “कोरा राहू दे, मळेल” असं काहीतरी बोलून आंघोळीला पळत असे. सोमवारी त्याने तीनदा आंघोळ केली.

*

राहिली तिसरी चौकट. हयात असलेला तरस्वी.

टेलिफोनच्या याद्या झाल्या, मतदारांच्या याद्या झाल्या, शाळांचे निकाल झाले. तपस्वी बावीस सापडले. तरस्वी एकही नाही. मूल जन्मलं तेव्हा ‘जगात कुणाचं नसेल असं नाव’ म्हणून छाती फुगवून सांगणारा हाच माणूस आता देवाजवळ मागत होता की जगात आणखी एकाचं तरी असू दे.

मंगळवारी दुपारी छापखान्यातल्या म्हाताऱ्या बाइंडरने सुईत दोरा ओवता ओवता विचारलं, “सायकलीच्या शर्यतीची स्मरणिका बघितलीस का? आपणच छापायचो. पन्नासेक वर्षांपूर्वी एक पोरगा सारखा पहिला यायचा. काहीतरी विचित्र नाव होतं. आम्ही जुळणी करताना हसायचो.”

माळ्यावरचे गठ्ठे उतरवले गेले. शिंका आल्या, झुरळं पळाली. संध्याकाळी एका वाळवी लागलेल्या पानावर, विजेत्यांच्या यादीत, वेलांटीला ते दिसलं: ‘प्रथम: तरस्वी’. पुढचा भाग वाळवीने खाल्ला होता.

“आता तो बाजारामागे घड्याळं दुरुस्त करतो,” बाइंडर म्हणाला. “आहे अजून. परवाच माझं घड्याळ देऊन आलो.”

वेलांटीने बाइंडरला मिठी मारली. बाइंडरच्या हातातली सुई त्याला टोचली, तरी त्याने सोडलं नाही.

बुधवारी सकाळी तो दुकान उघडायच्या आधीच जाऊन उभा राहिला. दुकान म्हणजे दोन भिंतींमधली जेमतेम एका माणसाची जागा. घड्याळजी सत्तरीकडे झुकलेले, सडपातळ, डोळ्याला भिंग लावलेले. वेलांटीने सगळी कहाणी एका दमात सांगितली. घड्याळजींनी भिंग काढलं.

“चुकीच्या माणसाकडे आलात. ते नाव माझं नाही.”

“पण स्मरणिकेत...”

“होतं. चुकीचं होतं. मी दुरुस्त करून घेतलं.” त्यांनी गल्ल्यातून ओळखपत्र काढून समोर धरलं. त्यावर लिहिलं होतं, तपस्वी. “नोंदवहीच्या कारकुनाने घोटाळा केला आणि माझं बालपण त्यात गेलं. शाळेत हजेरीला नाव घेतलं की सगळा वर्ग तरसासारखा हसायचा. रोज. सात वर्षं. तुम्हाला तेच तुमच्या पोराला द्यायचंय? हौसेने?”

कोशात अर्थ दिले होते, पण हे दिलेलं नव्हतं.

“काका, नोंदवहीत काय आहे तेवढंच मला हवंय. चूक असली तरी चालेल.”

“बाळाच्या आईला विचारलंत?”

घड्याळजींनी भिंग परत डोळ्याला लावलं. “आधी तिला विचारा. मग या.”

*

संध्याकाळी त्याने हिवाळी कोटाच्या खिशातून दाखला काढला आणि बायकोपुढे ठेवला. ती बाळाचे कपडे घडी करत होती. तिने वाचलं. घडी अर्धवट राहिली.

“कधीपासून?”

“गेल्या बुधवारपासून.”

“म्हणजे आठ दिवस रोज मी तुला विचारतेय आणि रोज तू ‘झालं’ म्हणतोयस.”

“हो.”

“वरच्या काकू परवा मला म्हणाल्या, मुलगी काय नि मुलगा काय, सारखंच. मला वाटलं त्यांचं डोकं फिरलं.” ती हसली नाही. “नाव बदललं असतं तर?”

“दहा मिनिटांत झालं असतं.”

“मग का नाही बदललं?”

यावर त्याने मनात बरीच भारदस्त वाक्यं तयार ठेवली होती. त्यातलं एकही बाहेर आलं नाही. “आधी हट्ट म्हणून,” तो म्हणाला. “नंतर वाटलं, सही मी न वाचता केली आणि नाव त्याचं जाणार. हे काही बरोबर नाही.”

बायकोने बाळाकडे पाहिलं. बाळ पाय झाडत होतं, इतक्या जोरात की दुपटं केव्हाच खाली पडलं होतं.

“शुक्रवारी साडेबारा,” ती म्हणाली. “तोवर झालं तर झालं. नाहीतर यादीतलं नाव मी निवडणार आणि तू एक अक्षर बोलणार नाहीस. आणि उद्या त्या घड्याळजींकडे मी येणार.”

गुरुवारी ती गेली. दुकानात तिघं मावत नव्हते म्हणून वेलांटी बाहेर उभा राहिला. बाळाला तिने सरळ काउंटरवर, सुट्या झालेल्या घड्याळांच्या शेजारी ठेवलं. घड्याळजींनी घाईघाईने चिमटे बाजूला केले.

“काका, मला वकिली करायची नाही,” ती म्हणाली. “मी दवाखान्यात काम करते, माणसं काय काय सोसतात ते बघते. मला एवढंच सांगा, फार त्रास झाला?”

“झाला, पोरी.”

“मग शर्यतीत ते नाव कशाला दिलंत?”

बाळाने त्यांचं बोट पकडलं होतं आणि ते सोडवावं की नाही या विचारात ते होते. “सायकलवर बसलो की मागे कोण हसतंय ते ऐकू यायचं नाही,” ते म्हणाले. “वडील मी दोन वर्षांचा असताना गेले. आईला वाचता येत नव्हतं. ती म्हणायची, तुझ्या बाबांनी ठेवलंय. पण असं नाव कुणी मुद्दाम ठेवतं का? मला वाटतं त्यांना तपस्वीच म्हणायचं होतं. चुकीच्या नावावर मी चार शर्यती जिंकलो, बघ.”

मग त्यांनी दुकानाची फळी ओढली. “उद्या येतो मी. पण सांगून ठेवतो, तुमचा साक्षीदार म्हणजे एक चूक आहे.”

*

शुक्रवारी सकाळी साडेनऊला चौघं कार्यालयात हजर होते. बाळ धरून.

“हे तपस्वी आहेत,” अधिकाऱ्यांनी ओळखपत्र पाहून सौजन्याने म्हटलं. “तरस्वी कुठे आहेत?”

वेलांटीने मूळ जन्मनोंद बघू देण्याची विनंती केली. अधिकाऱ्यांनी विचार केला. मूळ नोंद चालेल, ते म्हणाले, सापडली तर. मात्र दुपारी एकला यंत्र बंद होतं आणि मग सोमवारीच उघडतं.

दप्तरी, म्हणजे जुन्या नोंदवह्यांची खोली सांभाळणारे गृहस्थ, किल्ली शोधण्यातच अकरापर्यंत रमले. मग प्रश्न आला तारखेचा. घड्याळजींना वर्ष माहीत होतं. महिना नव्हता, शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजाने तारीख टाकली होती. दप्तरींनी त्या वर्षाच्या तीन वह्या टेबलावर आदळल्या. प्रत्येक वहीची उंची बाळाएवढी होती.

“एवढं कधी वाचून व्हायचं?” बायको म्हणाली.

वेलांटीने खिशातून पट्टी काढली, पहिल्या ओळीखाली धरली आणि वाचायला लागला. चौदा वर्षं त्याने हेच केलं होतं. पट्टी एकेक ओळ खाली सरकत होती. शाई उडालेली, अक्षरं गिचमिड, कुठे पाणी पडून सगळं एकमेकांत मिसळलेलं. पण आज तो घाई करायला तयार नव्हता. बाहेरच्या व्हरांड्यात बायको बाळाला घेऊन येरझारा घालत होती. बाळ भुकेलं होतं आणि ते सगळ्या इमारतीला सांगत होतं.

पहिली वही साडेअकराला संपली.

घड्याळजी बाकावर बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. “हे चार मिनिटं मागे आहे,” ते म्हणाले. कुणालाच ते ऐकून बरं वाटलं नाही.

दुसरी वही बारा वाजता संपली. वेलांटीच्या कपाळावरून घाम ओघळून पानावर पडणार होता, तो त्याने बाहीने टिपला. बायको दाराशी येऊन उभी राहिली. तिच्या हातात मुलांच्या नावांची यादी होती, आणि तिने त्यात पेन्सिलीने एक खूण केलेली त्याला तेवढ्यातही दिसली.

तिसरी वही. पट्टी सरकत होती. बारा दहा. बारा पंधरा. पट्टी थांबली.

“काका,” वेलांटी म्हणाला. “जरा इकडे या.”

ओळीत वडिलांचं नाव होतं, आईचं नाव होतं, गल्लीचं नाव होतं. लिंगाच्या रकान्यात ‘पु’. नावाच्या रकान्यात काळ्या शाईने ‘तपस्वी’ लिहिलेलं. आणि त्यातला ‘प’ निळ्या शाईने खोडून वर ‘र’ काढलेला.

“बघा, मी म्हणत होतो,” घड्याळजी म्हणाले. “कुणीतरी घोटाळा केलाय.”

“नाही काका. समास बघा.”

समासात, उभ्या ओळीत, बारीक निळ्या अक्षरात लिहिलं होतं: ‘पित्याने समक्ष येऊन सांगितल्यावरून दुरुस्त केले. नाव तरस्वी असेच हवे, असा आग्रह.’ खाली तारीख होती. मूळ नोंदीनंतरची, पाच दिवसांनी. आणि तारखेखाली एक वेडीवाकडी सही, कधीतरीच सही करणाऱ्या माणसाची.

घड्याळजींनी सदऱ्याच्या खिशातून भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि ते वहीवर वाकले. खूप वेळ वाकलेले राहिले.

“चूक तपस्वी होती,” वेलांटी हळूच म्हणाला. “तरस्वी ही दुरुस्ती आहे. तुमचे वडील परत आले होते. एवढ्या एका अक्षरासाठी.”

“पाच दिवसांनी,” घड्याळजी म्हणाले.

“हो.”

“तेव्हा नोंदणी कार्यालय नदीपलीकडे होतं. पूल नव्हता.” ते सरळ उभे राहिले. भिंग डोळ्यालाच होतं आणि ते काढायची त्यांना घाई नव्हती. “आई सांगत होती ना. मीच ऐकलं नाही.”

दारातून बायकोने विचारलं, “सापडलं?” तिच्या हातातली यादी चुरगळली होती.

वेलांटी वही छातीशी धरून अधिकाऱ्यांच्या खोलीकडे पळाला. मागून दप्तरी “वही बाहेर नेता येत नाही” म्हणून ओरडत, त्यांच्या मागून बायको, बाळ आणि घड्याळजी अशी वरात निघाली. अधिकाऱ्यांनी नोंद वाचली, समास वाचला, घड्याळजींकडे पाहिलं. नमुना सतराच्या तिसऱ्या चौकटीत त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: ‘प्रचलन आढळले.’ खिडकीवरच्या बाई कळफलकासमोर बसल्या. बारा अठ्ठावीसला नवा दाखला बाहेर आला. वेलांटीने तो बघितलाही नाही, बायकोपुढे धरला. तिने पहिल्या अक्षरापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत मोठ्याने वाचला, ‘पुरुष’ दोनदा वाचलं आणि मगच त्याला म्हणाली, “कर सही.”

बाहेर पडता पडता घड्याळजी खिडकीपाशी घोटाळले. “माझं ओळखपत्र दुरुस्त करायचं तर काय लागेल?” त्यांनी विचारलं.

“नमुना सतरा,” अधिकारी आतून म्हणाले. “आणि त्या नावाचा हयात असलेला एक पुरुष.” मग त्यांनी मान वर केली, बाळाकडे पाहिलं आणि सौजन्याने विचारलं, “यांना अंगठा देता येईल ना?”

बाळाच्या अंगठ्याला शाई लावताना दोन सदरे आणि एक दुपटं कायमचं निळं झालं. पासपोर्टच्या वेळेला ती मंडळी तीनला चार मिनिटं कमी असताना पोचली, तशीच.

तीन आठवड्यांनी बायको आणि बाळ निघाली. वेलांटी त्यांना विमानतळावर सोडायला गेला. कोशाचं काम संपलं की दोन महिन्यांनी तोही मागून जाणार होता. कागद तपासणाऱ्या तरुणीने पासपोर्ट उघडला, बाळाकडे पाहिलं, पुन्हा पासपोर्टाकडे पाहिलं.

“वेगळंच नाव आहे,” ती म्हणाली. “कुठून शोधलंत?”

वेलांटीने तोंड उघडलं. तरस् शब्द, विन् प्रत्यय, प्रथमेचं एकवचन, सगळं जिभेवर आलं होतं.

“आमच्या ओळखीत एक घड्याळजी आहेत,” तो म्हणाला. “त्यांचं आहे.”